मशीन न घेता घरी चांगली कॉफी कशी करायची? फिल्टरमधून डिकॉक्शन नीट उतरत नाही, काय चुकतंय?

तुमचा प्रश्न असा आहे: इन्स्टंट सोडून घरी चांगली कॉफी करायची आहे, मशीन नको, बजेट दोन हजारांच्या आत. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर आणलाय, पण डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारा कॉफीचा दाट अर्क, कधी तासभर उतरतच नाही, तर कधी पाच मिनिटांत सगळं पाणी खाली येतं आणि पाणचट लागतं.

फिल्टर बदलू नका. या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, पावडरीचं दळण. कॉफीची चव आधी ठरते ती बी किती ताजी भाजलेली आहे आणि किती एकसारखी दळली आहे यावर. मग येतं प्रमाण, मग पाणी. भांड्याचा नंबर शेवटी. म्हणून दोन हजारांतले तीन-चारशे रुपये डिजिटल वजनकाट्यावर घाला, बाकीचे चांगल्या पावडरीसाठी ठेवा. हाताने फिरवायचा ग्राइंडर पुढे कधीतरी घेता येईल.

वजनकाटा कशाला, चमचा आहे की, असं घरचे म्हणतील. पण बी जितकी जास्त भाजावी तितकी फुगते आणि हलकी होते. त्यामुळे एकाच पोह्याच्या चमच्यात काळपट भाजलेली पावडर कमी वजनाची बसते आणि फिकट भाजलेली जास्त. त्यात कोणी शीग लावून घेतो, कोणी सपाट. काल छान झाली आणि आज बिघडली, याचं अर्धं कारण तिथेच सापडतं.

पावडर घेताना

पाकिटावर दोन गोष्टी बघा: भाजल्याची किंवा पॅक केल्याची तारीख, आणि चिकोरीचं प्रमाण. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी असलेलं पाकीटही कायदेशीरच असतं, आणि दुकानातली बरीच स्वस्त पाकिटं त्याच्या आसपासच असतात.

चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. ते एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे, त्यात कॅफिन नसतं. पाण्यात विरघळणारा भाग मात्र कॉफीच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे डिकॉक्शन दाट, काळंभोर आणि किंचित गोडसर होतं. दुधाच्या कॉफीला ८०:२० (८० भाग कॉफी, २० चिकोरी) किंवा ७०:३० मिश्रण उत्तम. ६०:४० च्या पुढे कॉफीचा वास मागे पडतो. हे माझं मत. तमिळ घरांत यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. चिकोरी नकोच असेल तर बिनचिकोरीची घ्या, पण मग डिकॉक्शन जरा पातळ आणि तांबूस दिसणार हे आधीच गृहीत धरा. रंगावरून ताकद ठरवू नका. चिकोरीने तो अंदाज पार चुकतो.

जिथे समोर दळून देतात तिथून घेतलेली पावडर सगळ्यात बरी. मुंबईत माटुंग्याला अशी दुकानं आहेत. इतर शहरांत दाक्षिणात्य वस्तीच्या आसपास चौकशी करा. ऑनलाइन मागवायची तर भाजल्याची तारीख छापणाऱ्यांकडून मागवा आणि ‘साउथ इंडियन फिल्टर’ हे दळण निवडा. बिया बहुतेक कर्नाटकातल्या, म्हणजे कोडगू किंवा चिकमगळूरच्या असतील. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. नुसती अरेबिका वासाला छान, पण भरपूर दुधात ती दबते. थोडी रोबस्टा मिसळलेली असली की दुधातही कॉफी जाणवते.

एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास दोन आठवड्यांत बराच उडतो. अर्धा किलोवर सूट आहे म्हणून आणलेलं पाकीट शेवटी शेवटी नुसतं कडू पाणी देतं. डबा घट्ट झाकणाचा हवा, ओट्यावर गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका: आत-बाहेर करताना पावडरीला दव सुटतं, आणि शेजारच्या लसणीच्या चटणीचा वासही ती ओढून घेते.

दळण कसं ओळखायचं

फिल्टरला हवं ते दळण बारीक रव्याहून किंचित बारीक. चिमटीत चोळल्यावर कण जाणवले पाहिजेत. पिठीसाखरेसारखं गुळगुळीत लागलं तर फिल्टर तुंबणार, जाड रव्यासारखं लागलं तर पाणी सरळ खाली पळणार.

घरी मिक्सरवर दळायचं असेल तर चटणीचं छोटं भांडं घ्या. त्याला मसाल्याचा वास असतोच, म्हणून आधी त्यात दोन चमचे कोरडे तांदूळ फिरवून फेकून द्या. मग २५–३० ग्रॅम बिया घालून दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सलग फिरवलंत तर पातं तापतं, खालच्या बियांचं पीठ होतं आणि वरच्या तशाच राहतात. आठ-दहा झटक्यांनंतर चहाच्या बारीक गाळणीतून चाळा. वर उरलेलं भरड पुन्हा फिरवा. एवढं करूनही मिक्सरचं दळण एकसारखं होत नाही. पिठाचे कण कडवटपणा देतात, भरड कण आंबट राहतात, आणि कपात दोन्ही एकदम येतात. म्हणून ग्राइंडर घ्याल तेव्हा दातेरी चकत्यांचा, म्हणजे बर असलेला घ्या. पात्याचा छोटा इलेक्ट्रिक ग्राइंडर म्हणजे मिक्सरच, त्यात पैसे घालू नका.

दोन कपांची कृती

लागेल: २५ ग्रॅम पावडर, १४० मिली पाणी. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी स्वतःतच धरून ठेवते, म्हणून खाली ९० मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळेल. १४० घातलं आणि ९०च आलं म्हणून घाबरून वरून आणखी पाणी ओतू नका. पाणचटपणाची सुरुवात बरेचदा इथूनच होते.

फिल्टरचं वरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. भोकांवर पाण्याचा थेंब राहिला की पहिली पावडर तिथेच चिकटते आणि बूच बसतं. पावडर घाला आणि भांडं ओट्यावर दोनदा हलकं आपटून थर सपाट करा. हा थर भांड्याच्या निदान पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका हवा. सहा कपांच्या फिल्टरमध्ये एका कपाची कॉफी करायला गेलात तर थर इतका पातळ होतो की पाणी त्यात थांबतच नाही. माणसं दोन असतील तर फिल्टरही छोटाच हवा.

आता फिल्टरसोबत येणारी दांडीची भोकांची चकती पावडरीवर ठेवून बोटाच्या हलक्या दाबाने बसवा. दाब पावडर सपाट राहण्यापुरताच. चिकोरी ओली झाली की फुगते आणि चिकट होते. आधीच ठासून भरलेल्या पावडरीतून मग पाणी उतरत नाही. चकती काढायची नाही, तिच्यावरच पाणी ओतायचं, म्हणजे धार पावडरीत खड्डा पाडत नाही.

पाणी उकळवा, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. ९२ ते ९६ अंश हवेत. थर्मामीटर लागत नाही. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि महाबळेश्वरला तर साधारण ९५ ला, तिथे थांबायचीही गरज नाही.

आधी फक्त ४० मिली पाणी गोल फिरवत ओता आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबा. ताजी पावडर इथे बुडबुडे सोडते. भाजताना बीमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड तो. तो निघून गेला की पुढचं पाणी पावडरीत नीट मुरतं. बुडबुडे अजिबात आले नाहीत तर पावडर जुनी आहे असं समजा. मग उरलेलं १०० मिली हळू ओतून झाकण लावा आणि फिल्टरला हात लावू नका.

दोन मिनिटांच्या आत पहिले थेंब पडले पाहिजेत, आणि १५ ते २० मिनिटांत सगळं उतरलं पाहिजे. घड्याळ लावा, कारण चूक कुठे झाली ते या वेळेवरूनच कळतं.

बिघडलं तर

पाच-सात मिनिटांत सगळं खाली आलं आणि चव पातळ, आंबटसर: दळण जाड आहे, पावडर कमी आहे, किंवा चकती लावलेली नाही. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला, आधी दळण. तिन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

चाळीस मिनिटं झाली तरी अर्धं वरच: चमचा घालून ढवळू नका, तळाला बसलेलं पीठ भोकांत जाऊन आणखी घट्ट होतं. आधी वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवा. दोन्ही भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसलेली असतात की खालच्या हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि थेंब अडतात. उचलल्याबरोबर धार लागली तर दोष हवेचा होता. तरीही नाही उतरलं तर दळण बारीक आहे किंवा भोकं बुजली आहेत. रिकामं भांडं उजेडासमोर धरून बघा. बुजलेली भोकं दिसली तर भांडं गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळवा आणि जुन्या टूथब्रशने तळ बाहेरून घासा. जुनी युक्ती म्हणजे तळ गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर धरायचा, अडकलेली पावडर जळून जाते. युक्ती खरी आहे, पण स्टील निळसर पडतं आणि चिमटा नसेल तर बोटं भाजतात.

वेळ बरोबर, तरी कडू: पाणी खळखळतं ओतलं, बी फार काळी भाजलेली आहे, किंवा डिकॉक्शन नंतर गॅसवर उकळलं. हे तिसरं आपल्याकडे सर्रास होतं. डिकॉक्शन कधीही थेट गरम करू नका, तापवायचं ते दूध. पहिलं उतरल्यावर त्याच पावडरीवर पुन्हा पाणी घालून दुसरं काढण्याची पद्धत आहे. ते कडवट आणि अशक्त असतं. काढलंत तर वेगळं ठेवा, पहिल्यात मिसळू नका.

सगळं बरोबर, तरी चव सपाट: पाणी बघा. बोअरचं जड पाणी कॉफीची चव दाबून टाकतं. उलट आरओने अगदी रिकामं करून ठेवलेलं पाणीही चांगलं नाही, चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. नळाचं पाणी पिण्यालायक आणि गोडं असेल तर तेच वापरा. आरओ आणि नळाचं अर्धं-अर्धं करून पाहायला काहीच खर्च नाही.

दूध

कपाला ४५ मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध, इथून सुरुवात करा. दूध म्हशीचं किंवा फुल क्रीम, एकदाच उकळलेलं. सकाळपासून तीनदा तापवलेल्या दुधाला जो शिजका वास येतो तो कॉफीत लपत नाही. आधी डिकॉक्शन आणि साखर, वरून कडक दूध, मग डवरा-टंबलरमध्ये, म्हणजे दाक्षिणात्य कॉफीच्या वाटी-पेल्यात, दोन-तीनदा वरखाली. फेस येतोच, शिवाय साखर विरघळते आणि कॉफी पिण्याजोगी निवते. जायफळ आवडत असेल तर ते दुधात किसा, फिल्टरच्या पावडरीत नको.

उरलेलं डिकॉक्शन झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतं. त्यानंतर आंबटपणा वाढतो आणि दूध फाटू शकतं.

काळी कॉफी प्यायची असेल तर

फिल्टरचं डिकॉक्शन पाणी घालून पिता येतं, पण खास जमत नाही. त्यासाठी फ्रेंच प्रेस घ्या, म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं उभं भांडं. बिनचिकोरीची, जाड रव्याएवढी दळलेली १५ ग्रॅम पावडर, २५० मिली पाणी, चार मिनिटं. वर तरंगणारा पावडरीचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, आणखी चार मिनिटं गाळ बसू द्या. मग दांडा खाली न दाबता, जाळी वरच ठेवून हळूच ओता. प्रेस नसेल तर हेच झाकणाच्या पातेल्यात करून गाळणीने गाळा. चव जवळपास तीच, तळाला गाळ थोडा जास्त. कागदी फिल्टरचा शंकू घ्यावासा वाटला तर प्लास्टिकचा घ्या. तो स्वस्त आहे आणि चिनी मातीच्या शंकूपेक्षा पाण्याची उष्णता कमी ओढतो. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायची, वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढवणारी छोटी किटली, हाही चांगला, पण ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, आणि त्यात पावडर अजिबात दाबायची नाही.

चोथा सिंकमध्ये धुऊन टाकू नका, पाइपात साचून बसतो. फिल्टर उलटा करून ओल्या कचऱ्यात झटका, किंवा वाळवून कंपोस्टमध्ये मिसळा. कुंडीत थेट जाड थर दिलात तर वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही आणि बुरशी येते.