चौथीतल्या मुलाला नेटवर माहिती शोधायला सुरक्षित काय आहे?

तुमचा मुलगा मराठी शाळेत चौथीत आहे, प्रकल्पासाठी आईचाच मोबाईल घेतो, आणि ‘लहान मुलांसाठी वेगळं गूगल असतं का’ असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हाच घोळ होता, म्हणून लिहिते.

सगळे आधी ‘किडल’ ही मुलांसाठीची शोध-साइट सुचवतात. ते गूगलचं नाही; आतून गूगलचा शोध वापरतं, एवढंच. वरचे पहिले काही निकाल माणसांनी तपासून निवडलेले असतात, चित्रं आणि अक्षरं मोठी. चांगलं आहे, पण इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी. माझ्या लेकीने त्यात देवनागरीत शोधून पाहिलं, कामाचं काही मिळालं नाही.

म्हणजे फिरून गूगलच. त्याच्या सेटिंगमध्ये सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारी सोय, उघडा. फिल्टर, ब्लर आणि बंद असे तीन पर्याय दिसतील. बहुधा ‘ब्लर’ आधीच लावलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. त्यात नको ती चित्रं धूसर होतात, पण तसला मजकूर आणि लिंक दिसू शकतात. ‘फिल्टर’ निवडा. मात्र आईच्या खात्यावर ते कुणीही बंद करू शकतं, आणि ही पोरं असल्या गोष्टी आपल्याआधी शिकतात! घरात जुना फोन पडून असेल तर त्यावर फॅमिली लिंकने (गूगलचं पालकांसाठीचं ॲप) मुलाचं खातं उघडा. १३ वर्षांखालच्या अशा खात्यावर फिल्टर मुळातच चालू असतं, मुलाला ते बंद करता येत नाही. यूट्यूबवर सेफसर्च चालत नाही, तिथे यूट्यूब किड्स वेगळं घ्यावं लागतं.

एवढं करूनही आमच्या लेकीने ‘रायगड’ टाकलं तेव्हा महाराजांच्या राजधानीआधी स्विमिंग पूलवाले रिसॉर्ट आले. त्यात घाण काही नव्हतं, पण नऊ वर्षांच्या मुलीने त्यातून गड कसा शोधायचा? तेव्हापासून आम्ही ‘रायगड किल्ला माहिती’ असं पूर्ण लिहायला लावतो, आणि त्याआधी मराठी विश्वकोशाची साइट उघडतो. तिथली भाषा जड आहे, दोन वाक्यं वाचून अर्थ सांगावा लागतो. प्राणी, झाडं, पर्यावरण असा विषय असेल तर कुमार विश्वकोशातल्या नोंदी सोप्या जातात. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मोठ्या इयत्तेचं पुस्तक उघडलं की निम्मा प्रकल्प तिथेच होतो.

फोन अजूनही स्वयंपाकघरातच वापरायचा, असा आमचा नियम आहे. लेक कुरकुरते.