बर्लिनची माणसं कशी, विचारलंस म्हणून

तुझ्या मेलमधले बाकीचे प्रश्न सोपे होते. पहिली खोली घेताना तिथे ‘आनमेल्डुंग’ होईल ना, हे आधी विचार. घरमालकाच्या लेखी पत्राशिवाय ही पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय पुढची निम्मी कामं अडतात. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त कुणी मागितलं, तर सरळ उठून ये. पण शेवटी तू विचारलंस, “ताई, तिथे माणुसकी आहे का?” याचं उत्तर लिहायला दोन दिवस लागले.

नऊ वर्षं झाली, माझं मत अजून आठवड्यातून दोनदा बदलतं. बहुधा गाडीत.

इथल्या स्टेशनांना फाटकं नाहीत. तिकीट काढायचं, फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा आणि चढायचं. पहिल्या महिन्यात मला वाटलं, काय विश्वास आहे माणसांवर! मग एकदा शिक्का मारायला विसरले. साध्या कपड्यांतल्या तपासनिसाने 60 युरोंची पावती फाडली. नवीन आहे, चुकले, तिकीट तर हातात आहे, सगळं सांगून झालं. तो “हो, पण शिक्का नाही” एवढंच म्हणत राहिला. डब्यात कुणी मान वर केली नाही.

माझे 60 युरोंवर भागले. पण फुकट प्रवास हा इथे फौजदारी गुन्हा आहे. ते कलम 1935 सालचं, म्हणजे नाझी राजवटीतलं, आणि अजून लागू आहे. कोर्टाचा दंड भरता न आल्याने लोक तुरुंगात जातात. आणि 2021 पासून एक गट लोकवर्गणी काढून अनोळखी कैद्यांचे असे दंड भरतोय, त्यांना बाहेर काढतोय. आता सांग, यातलं कुठलं बर्लिन खरं मानू?

मुलगी बाबागाडीत होती तेव्हा लिफ्ट बंद पडलेल्या स्टेशनात मी कधी दोन मिनिटंही खोळंबले नाही. कुणीतरी न बोलता पुढची बाजू उचलायचं, वर ठेवायचं आणि चालू लागायचं. हसणं नाही, ‘कुठल्या तुम्ही’ नाही. आपल्या डोंबिवली लोकलमध्ये “सरका जरा” म्हणत चौथी सीट मिळते आणि ठाण्यापर्यंत अख्खं खानदान विचारून होतं. ती ऊब इथे शोधू नकोस, हिरमोड होईल.

जानेवारीतली एक रात्र मात्र सांगायलाच हवी. यू-आठ या भुयारी रेल्वेच्या डब्यात एक माणूस आडवा झाला होता, एका पायात बूट नव्हता, वास येत होता. लोक एकेक करून दुसऱ्या टोकाला गेले. मीही गेले. पुढच्या स्टेशनला एक कॉलेजातली वाटावी अशी पोरगी चढली, त्याच्यापाशी उकिडवी बसली, त्याला काहीतरी विचारलं आणि ‘केल्टेबुस’ला फोन लावला. थंडीच्या महिन्यांत रात्री रस्त्यावरच्या लोकांना निवाऱ्यात नेणारी ही गाडी. तिचा नंबर माझ्याही फोनमध्ये होता.

असा नंबर तूही ठेव. आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस, बाजूला उभी ठेव. रिकामी बाटली दुकानात परत दिली की प्लॅस्टिकच्या बाटलीचे 25 सेंट परत मिळतात, बीअरच्या काचेच्या बाटलीचे 8. त्यावर गुजराण करणारे म्हातारे पेन्शनरही असतात. निदान त्यांना डब्यात हात घालावा लागू नये. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून कळलं.

एस-सात लोकलने कधी ग्रूनेवाल्ड स्टेशनला उतर. 18 ऑक्टोबर 1941 पासून तिथून ज्यूंना भरून गाड्या निघत होत्या. फलाट 17 वर त्यांच्या स्मरणार्थ 186 पोलादी पट्ट्या आहेत: तारीख, माणसांची संख्या, कुठे पाठवलं. हिशेब अगदी टापटीप. आईला फोनवर मी इथल्या ज्या शिस्तीचं कौतुक सांगते, ती त्या फलाटावर घशाशी येते. भोवती बंगले आहेत, झाडी आहे. त्या वेळीही तिथे लोक राहत होते.

तरी ये. मी परत जायचा विचार कितीदा केला आणि राहिलेच, यातून काय घ्यायचं ते घे. तू शनिवारी रात्री उतरतोयस आणि रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दोन वेळचा डबा मी आणते. हातमोजे तिकडे घेऊ नकोस, तिकडचे इथे पुरत नाहीत.