सायबॉर्गला यंत्रमानव म्हणू नका

स्टेलार्क, नील हार्बिसन असे कलाकार स्वतःच्या शरीरातच यंत्रं बसवून घेतात, तर त्यांच्या कामाला 'यंत्रमानवांची कला' म्हणता येईल का, असा प्रश्न आलाय. नाही येणार. हा वापर हल्ली सारखा कानावर पडतो आणि दर वेळी डोकं उठतं. यंत्रमानव म्हणजे रोबो, आतून बाहेरून यंत्रच, रूपडं तेवढं माणसाचं. हार्बिसनला जन्मापासून रंग दिसत नाहीत, त्याने कवटीत अँटेना बसवून घेतली आणि आता रंग त्याला हाडातून आवाजासारखे ऐकू येतात, या हाडामांसाच्या माणसाला रोबो म्हणायचं? काही व्याकरणवाले म्हणतात की तत्पुरुषात शेवटचं पद प्रधान, म्हणजे यंत्रमानव हा मानवच. अहो, शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, आणि तो शब्द रोबोला कधीच चिकटलाय.

अशा यंत्र जोडून घेतलेल्या जिवंत माणसाला म्हणतात सायबॉर्ग, आणि खरी मजा या शब्दात आहे. १९६० मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या संशोधकांनी अंतराळात तग धरेल अशा माणसासाठी सायबरनेटिक आणि ऑर्गॅनिझम हे दोन शब्द जोडून तो केला. सायबरनेटिक्स म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाचं शास्त्र; हे नाव त्याआधी १९४८ मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने ग्रीक 'किबर्नेटीस'वरून घेतलं होतं, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? कर्णधार! संस्कृतात कर्ण म्हणजे कान आणि कर्ण म्हणजे सुकाणूसुद्धा. कोशकार हे दोन अर्थ एकाखाली एक देऊन मोकळे होतात, का ते सांगत नाहीत. कोणी महाभारतातल्या कर्णाशी नातं लावतात, ते तर साफ चूक. माझं मत असं की जुन्या कितीतरी जहाजांना मधोमध सुकाणू नसायचं, मागच्या दोन्ही अंगांना मोठी वल्ही बाहेर आलेली असायची, डोक्याच्या दोन बाजूंना कान असतात तशी, आणि नाव पडलं ते तिथूनच.

आता स्टेलार्क बघा. त्याने डाव्या हातावर कातडीखाली साचा घालून चक्क कान करून घेतलाय. आत मायक्रोफोन ठेवून तो इंटरनेटला जोडायचा, म्हणजे लांबच्या लोकांना त्यातून ऐकता येईल, असा बेत होता, पण संसर्ग झाला आणि मायक्रोफोन काढावा लागला. कान धारण करणारा, म्हणजे शब्दशः कर्णधार! आणि सुकाणूचं म्हणाल तर १९९५ मध्ये हाच माणूस लक्झेंबर्गमध्ये स्नायूंना विजेच्या तारा लावून उभा होता आणि पॅरिसमधले प्रेक्षक नेटवरून त्याचे हातपाय हलवत होते. शरीर याचं, कर्णधार तिकडे! किबर्नेटीसचा मूळ अर्थ यापेक्षा उघडपणे कुणी दाखवलेला मला तरी माहीत नाही.

तेव्हा सायबॉर्गला सायबॉर्गच म्हणा, तो शब्द मराठीत छान चालतो. सायबरनेटिक्सला मात्र 'कर्णधारविद्या' म्हणावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी तरी यापुढे तसंच लिहिणार आहे.