डिमेन्शिया झालेली आई जेवतच नाही, वजन घटतंय. तिला काय खायला द्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं वजन चार महिन्यांत ५२ वरून ४६ किलोवर आलं, ताट पुढ्यात ठेवलं तरी त्या नुसत्या बघत बसतात. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, 'मी दिवसभर चहावरच असते.' मी तिथंच अडकले.

कोल्हापुरात आमच्या घरी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सहा वर्षं हाच आजार होता. आधी त्यांना भरवायचं आणि मग ओट्यापाशी उभ्यानंच त्यांच्या ताटातलं उरलेलं पोटात ढकलायचं, असं माझं दोन वर्षं चाललं. एकदा डॉक्टरांनी मामांचं वजन केलं आणि मलाही काट्यावर उभं केलं. मी सात किलोंनी उतरले होते, हिमोग्लोबिन ८. म्हणाले, "उद्यापासून दोघं एकत्र जेवा."

बुधवार होता, मटण शिजलं होतं. मी माझं ताट त्यांच्यासमोर मांडलं. मामा भाकरी हातात धरून तिच्याकडं बघत बसलेले. मी काही बोलले नाही. माझी भाकरी मोडली, अळणी रश्श्यात बुडवली, खाल्ली. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि तस्संच केलं. अर्धी भाकरी गेली त्या दिवशी! भूक मेली नव्हती, जेवायला सुरुवात कशी करायची तेच त्यांना आठवत नव्हतं. आणि मी इतके दिवस 'जेवा ना, जेवा ना' करून त्यांच्यावर चिडत होते, याचं अजून वाईट वाटतं.

एका वेळी एकच पदार्थ वाढा, टीव्ही बंद ठेवा. पांढऱ्या ताटलीतला दहीभात मामांना दिसायचाच नाही, निळ्या वाटीत दिला की दिसायचा. हातात धरून खाता येईल असं द्या: मऊ थालीपीठाचे तुकडे, इडली, उकडलेल्या अंड्याच्या फोडी. घास थोडेच जाणार, म्हणून भातावर तूप, खिरीत दूधपावडर घाला. गोडाची ओढ वाढते. भाकरीला गूळ-तूप लावलं की मामा खायचे (मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). पाणी हवंय का असं विचारू नका, ताकाची वाटी हातातच द्या. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो आणि गोंधळ एकदम वाढतो.

पण सहा किलो म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त, तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. डिमेन्शियासाठी देतात ती डोनेपेझिलची गोळी चालू असेल तर त्यानंही मळमळतं, भूक मंदावते. गोळी मात्र मनानं बंद करू नका. कवळी सैल झालीय का, तोंड आलंय का बघा. जेवताना ठसका लागत असेल, घास गालातच राहत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, ती स्पीच थेरपिस्ट करतात. ताठ बसवूनच भरवा आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

स्वयंपाक दोघींचा एकच करा, फक्त आईंचं तिखट कमी. आठवड्यातले दोन डबे भावाकडं, शेजारी, कुणाकडंही मागा. मी लाजत राहिले, शेवटी जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस?" आणि कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला वजन लिहीत जा. दोघींचं.