बीपी नॉर्मल आहे, एवढंच सांगू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. तासगाव-पलूस पट्ट्यात कॅज्युअल्टीला पोस्टिंग लागलंय, हार्ट अटॅक आणि अ‍ॅक्सिडेंटचं सगळं वाचून झालंय पण बायकांच्या आणि बारक्या पोरांच्या केसेसचं टेन्शन येतंय असं लिहिलंयस. टेन्शन योग्य जागी आलंय. अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट स्ट्रेचरवरून येतो, रक्त दिसतं, सगळे धावतात. पंचविशीतली बाई मात्र स्वतःच्या पायाने चालत येते, बाकावर बसते, पदराने घाम पुसते आणि तासाभराने कोसळते. दोन वर्षांचं पोरगंही तसंच. दोघांच्या रक्तवाहिन्या ताज्या दमाच्या असतात, त्या आवळून बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग एकदम सोडून देतात. त्यामुळे रात्री फोन करून तू "मॅडम, बीपी नॉर्मल आहे" म्हणालास की मी लगेच विचारणार, पल्स किती, हातपाय गार आहेत का, लघवी कधी झाली. ते आधी बघून मग फोन लाव.

दुसरी सारखी गोष्ट म्हणजे दोघांच्या वतीने बोलणारं माणूस वेगळंच असतं. पोराचं आई सांगते, बाईचं सासू सांगते. त्यातल्या आईवर विश्वास ठेवायचा आणि सासूचं ऐकून घेऊन बाईला परत वेगळं विचारायचं, एवढा फरक.

आता बाईचं. पाळी येणाऱ्या वयातली कुठलीही बाई पोटात दुखतंय, चक्कर येतेय, झीट आली म्हणून आली की यूपीटी, म्हणजे लघवीवरची प्रेग्नन्सी टेस्ट, करायची. लग्न झालेलं नाही, नवरा गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला परराज्यात असतो, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, तांबी बसवलीय, आत्ताच पाळी येऊन गेली, यातलं काहीही ऐकलं तरी करायची. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस क्वचितच जातात हे खरं, पण गेलेच तर गर्भ पिशवीऐवजी बीजनळीत असायची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे ज्या उत्तराने आपण निर्धास्त होतो त्याच उत्तराने खरं तर कान टवकारले पाहिजेत. शॉकमध्ये आहे, लघवी होत नाही, म्हणून टेस्ट राहिली असं चालणार नाही, लघवीसाठी कॅथेटर तसाही लागणारच आहे, त्यातून घे.

बोलायचं कसं ते सांगते, हे पुस्तकात नसतं. सासू म्हणते पित्त झालंय, नवरा म्हणतो उपास होता म्हणून चक्कर आली, बाई गप्प. अशा वेळी दोघांना केसपेपर काढायला पाठवून द्यायचं, केसपेपरची लाईन हे आपल्याकडचं प्रायव्हसीचं एकमेव भरवशाचं साधन आहे बघ. तू पुरुष डॉक्टर, त्यामुळे सिस्टरला शेजारी घे, पडदा ओढ, आणि मग हळू आवाजात विचार की शेवटची पाळी कधी आली, ती नेहमीसारखी होती की नुसतं थोडं थोडं अंगावरून गेलं, मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या का. नेहमीसारखी होती का हे मुद्दाम विचार, कारण नळीतल्या गर्भात अंगावरून जे थोडंसं जातं त्यालाच बाई पाळी समजते आणि खरं बोलूनही आपली दिशाभूल होते. टेस्टचा रिझल्ट पहिल्यांदा तिला सांग, बाहेरच्या बाकाला नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, पण पोलीस येईपर्यंत सलाईन थांबत नसतं.

गोळ्यांचं जरा जास्तच लिहिते कारण हे वाढलंय. सोनोग्राफी न करता कुणीतरी मेडिकलमधून किट आणून दिलेलं असतं, रक्त जातं, घरचे म्हणतात मोकळी झाली. पण त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भावर चालतात, नळीतला गर्भ तसाच वाढत राहतो, आणि पंधरा दिवसांनी नळी फुटून बाई तुझ्यासमोर येते तेव्हा तिच्या आणि घरच्यांच्या मते तो विषय संपलेला असतो, म्हणून कुणी सांगतच नाही. तू विचारलंस तरच कळेल, आणि आवाजात जराही ओरडा असला तर विचारूनही कळणार नाही. नळी फुटलेलीच नसते अशाही बऱ्याच येतात, कुणाच्या पिशवीत तुकडा राहिलेला असतो, कुणाला ताप आणि घाण वासाचं जाणं असतं, त्यांना अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करून पिशवी साफ करायला लवकर पाठवायचं, नुसत्या रक्त थांबायच्या गोळ्या देऊन घरी नाही.

फुटलेली नळी ओळखायची तर खांदा दुखतोय का विचार, पोटातलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की खांद्यात कळ येते आणि बाई ती काम जास्त झाल्यामुळे आहे असं सांगते. हिमोग्लोबिन दहा आलं म्हणून खूश होऊ नकोस, रक्त नुकतंच गेलेलं असताना आकडा खाली यायला वेळ लागतो. पल्सचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की मोठा शॉक समजायचा, उदाहरणार्थ पल्स 118 आणि बीपी 104, इथे बीपी नॉर्मल लिहून सही करणारे खूप भेटतील. दोन जाड सुया, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅच, आणि गायनॅकला फोन, हे सगळं एकाच वेळी. यूपीटी पॉझिटिव्ह, पोट ताठ, पल्स पळतेय, अशी बाई सोनोग्राफीच्या खोलीत पाठवायची नाही, मशीन तिच्याकडे आणता आलं तर आणायचं नाहीतर ऑपरेशनची तयारी करायची. आरएच निगेटिव्ह असेल तर 72 तासांत अँटी-डीचं इंजेक्शन, हे केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिही, धावपळीत तेच राहतं.

साखर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, त्यातल्या बायकांकडे जास्त लक्ष दे. एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा धरून पैसे कापतात, त्यामुळे ती दुखणं चार दिवस अंगावर काढून अगदीच उभं राहवेना तेव्हा येते आणि मुकादम बाहेर गाडी चालू ठेवून उभा असतो. तिला "दोन दिवसांनी दाखवायला या" म्हणण्यात काही अर्थ नाही, ती येणार नाही. जे करायचं ते आजच.

अंडाशयाला पीळ पडणं थोडक्यात: एकदम सुरू झालेली एका बाजूची कळ आणि उलट्या, डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं म्हणता येत नाही, सर्जनला कळव.

बाळंतपणानंतर रक्त जात असेल तर गर्भपिशवी पोटावरून चोळायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, ऑक्सिटोसिन द्यायचं, आणि रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून. हे बाळंतपणापासून तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग, हे 2017 च्या वूमन ट्रायलमधून पक्कं झालं, म्हणून घरून किंवा वाटेत अँब्युलन्समध्ये बाळंत होऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न बाळ किती वाजता झालं हा.

झटके आलेली गरोदर बाई किंवा ओली बाळंतीण आली की घरचे मिरगी म्हणतील, कुणी बाहेरचं म्हणेल, तू मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन काढ. आपल्याकडचं अँप्यूल 50 टक्क्यांचं, 2 मिलीत 1 ग्रॅम. 8 मिली औषध आणि 12 मिली डिस्टिल्ड वॉटर, हे झाले 4 ग्रॅम, शिरेतून सावकाश, शिवाय 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. पुढचा डोस चार तासांनी, त्याआधी गुडघ्याचा जर्क, श्वास आणि लघवी बघायची, आणि मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी ठेवायचं. हे हिशोब भिंतीवर चिकटवून ठेव, पहाटे कुणाचंच गणित चालत नाही.

आणि हे कुणी शिकवत नाही म्हणून लिहिते. आठ दिवसांचं बाळ घेऊन बाळंतीण येते, बाळ दूध ओढत नाही म्हणून. सगळे बाळाभोवती गोळा होतात. तिचं डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही. तिचंही बीपी घे, टेंपरेचर घे, किती अंगावरून जातंय विचार. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढून झटके येऊ शकतात.

पोरांचं आता. स्टेथोस्कोप लावायच्या आधी दारातूनच बघ, आईच्या मांडीवर असतानाच: बघतंय का, आवाज कसा आहे, पोट उडतंय का, रंग कसा आहे. हात लावलास की ते रडणार आणि मग श्वासाचा आकडा कचऱ्यात गेला. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, शर्ट वर करून. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40, तेवढा किंवा जास्त म्हणजे जलद. जोरात रडणारं पोरगं मला आवडतं. रात्रभर रडून "आता जरा शांत झालंय" असं ज्याच्याबद्दल सांगतात ते आधी बघायचं, ते बहुतेक दमलेलं असतं. अंगावर पीतच न्हाई, पाणी टिकत नाही, झटका आला, हाक मारली तरी मलूल, यातलं एक जरी असलं तरी अ‍ॅडमिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर थेंब देऊन घरी नाही, आणि अंग गार पडलेलं असेल तर तेही तितकंच वाईट. आई म्हणाली की "हे नेहमीसारखं न्हाई" तर ते जसंच्या तसं केसपेपरवर लिही.

सलाईनचं जपून. जुलाबाने सुकलेल्या पोराला भरभरून लागतं, पण नुसता ताप आणि गार हातपाय असलेल्याला डोळे मिटून बोलस, म्हणजे एकदम भरभर सलाईन, द्यायचे दिवस गेले, 2011 ला आफ्रिकेतल्या फीस्ट ट्रायलमध्ये बोलस दिलेली मुलं जास्त दगावली. सगळं तिथलं इथे लागू होत नाही, पण किलोला 10 मिली देऊन परत छाती ऐकायची, लिव्हर खाली आलंय का बघायचं आणि मगच पुढचं, ही सवय मला बरोबर वाटते. मलूल पोराची साखर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कमी असेल तर 10 टक्के डेक्स्ट्रोज, किलोला 5 मिली, आठवड्याभराच्या बाळाला 2. हाताशी 25 टक्क्यांचंच असलं तर दोन भाग ते आणि तीन भाग पाणी.

पॅरासिटामॉलमध्ये थेंब आणि सिरप यांचा घोळ होतो. थेंबांच्या 1 मिलीत 100 मिलिग्रॅम, 5 मिलीत 125 मिलिग्रॅमवाल्या सिरपच्या 1 मिलीत 25. आईने थेंबांची बाटली चमच्याने पाजली तर चौपट गेलं. बाटली आणायला सांग, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

तुझ्याकडे द्राक्षं, शेंगदाणे, बेदाणे सगळंच मुबलक. खाता खाता ठसका लागला, मग बरं झालं, आणि दोन दिवसांनी एकाच बाजूला शिट्टी वाजतेय, असं पोरगं दम्याचं म्हणून परत पाठवू नकोस, शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, एक्स-रे साफ आला तरी श्वासनळीच्या दुर्बिणीच्या तपासणीला पाठव. आणि पाच वर्षांखालच्याला अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून द्या, हे ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक आईला सांग, त्याला एक मिनिट लागत नाही.

सांगली-मिरजेला रेफर करायची वेळ आली की आधी फोन, मग गाडी. चिठ्ठीवर कुठलं औषध किती आणि किती वाजता दिलं ते लिही, मॅग्नेशियमचं तर नक्की, नाहीतर तिकडचा डॉक्टर परत पूर्ण डोस देतो. बाईबरोबर रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसं गाडीत बसव, फक्त सासूला बसवलंस तर तिकडे गेल्यावर शोधाशोध सुरू होते.

रविवारी मी मोकळी आहे. येताना तुमच्या ट्रेमध्ये आत्ता काय काय आहे त्याचा फोटो काढून आण, यूपीटी किट, पोरांचे मास्क, छोटे कॅन्युला, सगळ्याची एक्सपायरी दिसेल असा.

तुझी,
मॅडम