सिटी १७, सेक्टर १७

"मॅडम, रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर हा वहीत मुखवटे काढत बसलेला. नाकातोंडाला नळ्या लावलेले. हे काय लक्षण म्हणायचं?"

आईने पिशवीतून दोनशेपानी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सचा. शेजारी बसून चपलेतला अंगठा हलवत होता. हीच चिंता घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात: मुलाला उद्ध्वस्त जगाचे गेम आवडतात, चाहत्यांनी त्यावर केलेल्या फिल्म्स तो पुन्हा पुन्हा बघतो, मग त्याच्या मनात काही काळंबेरं तर नाही ना? (घरचे बाकीचे तपशील बदललेत. वाशीचं सेक्टर १७ तेवढं खरं आहे. "ते बदलू नका" असं त्यानेच बजावलं.)

गेममध्ये काय दिसतं हे मी नंतर विचारते. आधी झोप, जेवण, मित्र, कॉलेज. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या खुणा वेगळ्या: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं सुटत नाही, आणि हे साधारण १२ महिने चालू असतं. गेममधलं आकाश काळं की निळं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. हा दीड तास खेळायचा, कॉलेजला जायचा, ट्रायपॉडवरून एका मित्राशी भांडला होता. रात्रीची जागरणं मात्र खरी होती, त्यावर बोलावं लागलं. "जगू नये असं कधी वाटतं का?" हेही मी सरळच विचारते. त्याने पहिल्यांदा मान वर केली. "नाही हो, मॅडम." उत्तर 'हो' आलं असतं, तर त्या दिवशी गेमचा विषयच निघाला नसता.

मग मी घोळ घातला. "गेममध्ये किती जणांना मारतोस?" असं विचारून बसले. झालं, पोराने तोंड मिटलं ते मिटलंच.

पुढच्या आठवड्यात तो एकटा आला. मी म्हटलं, "मागच्या वेळी माझं चुकलं. बंदूक बाजूला ठेव. मला सुरुवात सांग."

गेम 'हाफ-लाइफ २'. २००४ सालचा, म्हणजे पोरापेक्षा मोठा. अमेरिकेत त्यावर १७ वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे, हे मी आईला सांगितलं, लपवलं नाही. गेम सुरू होतो तो रेल्वे स्टेशनवर. गाडीतून उतरलात की मोठ्या पडद्यावर एक दाढीवाला प्रशासक गोड आवाजात 'सिटी १७'मध्ये स्वागत करतो. पृथ्वी परक्या जगातल्या जीवांनी जिंकली आहे आणि हा त्यांच्या वतीने कारभार बघतो. पुढे मुखवटा घातलेला एक शिपाई मुद्दाम रिकामा डबा खाली पाडतो आणि म्हणतो, उचल. उचलून कचऱ्यात टाकलात तर हसून सोडतो. त्याच्याच अंगावर भिरकावलात तर दंडुका घेऊन मागे लागतो.

"तू काय केलंस?"

"पहिल्यांदा मुकाट्याने उचलला. मग सेव्ह केलेलं परत उघडून फेकला. अकरा वेळा."

इथे त्याची कळी खुलली. टोरांटोच्या दोन भावांनी २००९ साली सुमारे ५०० डॉलरमध्ये 'एस्केप फ्रॉम सिटी १७' ही फिल्म केली, गेममधले आवाज आणि यंत्रं खऱ्या शहराच्या चित्रीकरणात मिसळून. याला तसंच आपल्या इथे करायचं होतं. "मॅडम, वाशी स्टेशन बघितलंय ना? वर ते टॉवर, खाली सगळं काँक्रीट. सेटच लावायला नको." शिवाय याच्या घरचा पत्ता सेक्टर १७. मलाही हसू आलं.

वहीतल्या मुखवट्यांमागे पटकथा होती. एका पानावर भिंतीवरचा पडदा आणि त्याचा संवाद: 'पंखा बंद कर. पाठ सरळ ठेव. अभ्यासाला बस.'

"हे गेममधलं?"

"नाही. हॉलमधलं."

वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत शिफ्टला. हॉलमध्ये त्यांनी कॅमेरा बसवलेला, आवाज येणारा. मोबाइलवर बघायचे आणि तिथूनच बोलायचे. त्याचा मित्र एकदा सोफ्यावर पाय घेऊन बसला, तेव्हा छतातून "पाय खाली" असं आलं. मित्र पुन्हा घरी आला नाही.

तिसऱ्या भेटीला वडील आले. ते पान मुलाने स्वतः पुढे केलं, मी नाही. त्यांनी दोनदा वाचलं. "मी काय हुकूमशहा आहे?" आवाज चढला होता. कोणीच बोललं नाही. मग जरा वेळाने, माझ्याकडे बघत, "रात्रपाळीला डबा खाताना उघडतो हो मी ते. घर दिसतं. आता दिसल्यावर काहीतरी बोलावं ना... मग तेच तोंडात येतं."

हे मुलाला ठाऊक नव्हतं. बायकोलाही नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

ठरलं ते साधंच. कॅमेरा दाराकडे वळवायचा, आवाज बंद. डब्याच्या वेळी फोन करायचा आणि अभ्यास सोडून बोलायचं. मुलाने बारानंतर वही मिटायची. पहिल्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंनी नियम मोडले. एकदा तर कॅमेरा आपोआप परत सोफ्याकडे वळला म्हणे.

फलाटावरच्या शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, तेव्हा ते बारगळलं. सोसायटीचं पार्किंग ठरलं. पडद्यावरचा आवाज वडिलांनीच द्यायचा होता. परवा त्याचं रेकॉर्डिंग मुलाने मला ऐकवलं. सातव्या टेकनंतर मागून त्याचाच वैतागलेला आवाज येतो: "बाबा, ओरडू नका ना. तो कधीच ओरडत नाही. प्रेमाने बोला, तेव्हाच भीती वाटते."