एक दिवस शाळा, एक दिवस मोबाईल

"मॅडम, शाळेचा दिवस आला की हिच्या पोटात दुखतं. घरच्या दिवशी मात्र ठणठणीत. संमतीपत्र परत घेऊ का? ऑनलाइनच चालू दे."

२०२१च्या दिवाळीच्या आसपास हा प्रश्न घेऊन बऱ्याच आया माझ्याकडे आल्या. कोरोनामुळे बंद असलेले आठवी ते बारावीचे वर्ग महाराष्ट्रातल्या शहरांत ४ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाले होते. पालकांची संमती लागायची, हजेरीची सक्ती नव्हती. एका बाकावर एकच मूल बसवायचं, म्हणून अनेक शाळांनी हजेरी क्रमांकाप्रमाणे सम-विषम गट पाडले होते. एक गट वर्गात, तेव्हा दुसरा घरी मोबाईलसमोर.

त्यातल्याच एका आईची ही मुलगी आठवीतली. शाळा बंद पडली तेव्हा सहावीत होती, वार्षिक परीक्षा न देताच सातवीत गेली. आईला धास्ती होती ती पुढच्या नववी-दहावीची.

पोटदुखीसाठी आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तिथे काही निघालं नाही. मग मुलीशी एकटीशी बोलले. आजाराची भीती? नाही. मैत्रिणींशी बिनसलंय? नाही. शेवटी म्हटलं, वही दाखव. पानापानावर अर्धवट तुटलेली वाक्यं.

"बाई फळा पुसतात. माझं निम्मंच झालेलं असतं. बाकीच्यांचं सगळ्यांचं होतं."

दीड वर्ष तिने हाताने फारसं लिहिलंच नव्हतं. नोट्स पीडीएफमधून यायच्या, चाचण्या गुगल फॉर्मवर व्हायच्या. लिहिण्याचा वेग गेला होता आणि ते कुणाला कळू नये म्हणून जीव घाबरा व्हायचा. पोट खरंच दुखत होतं. वर्गशिक्षिकेला विचारलं तर त्या म्हणाल्या, निम्म्या वर्गाची हीच गत आहे. मुलीला हे कुणीच सांगितलं नव्हतं!

आईला ठणठणीत वाटणारा घरचा दिवस तर मला जास्त काळजीचा वाटला. बाई टेबलावर मोबाईल उभा करून दोन्ही गटांना एकदमच शिकवायच्या. घरी फळा चकाकायचा, मास्कमधून आवाज फुटायचा नाही. मुलगी लॉगिन करून पडून राहायची. एकाच तासात दोन्हीकडे शिकवण्याने शिक्षक दमतात आणि घरच्या मुलांच्या पदरी काहीच पडत नाही, हे माझं ठाम मत आहे.

वर्गशिक्षिका गणित शिकवायच्या आणि ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी आपल्या तासापुरती पद्धत बदलली. नवीन भाग फक्त वर्गात, दोन्ही गटांना आळीपाळीने. घरच्या दिवशी त्याच भागावरची गणितं वहीत सोडवायची आणि संध्याकाळी अर्धा तास फक्त शंका. वेग कमी पडला, पण मुलं विचारायला लागली. फळा पुसण्याआधी "झालं का?" विचारायचंही ठरलं.

घरी रोज दहा ओळी लिहायच्या, घड्याळ न लावता. तिने आजीच्या पाककृती लिहून काढायला घेतल्या. आईला एवढंच सांगितलं, संमतीपत्र राहू द्या. पोट दुखलं तर रागावू नका, घरीही ठेवू नका. पहिले दोन तास बसून येऊ दे. शाळेनेही तेवढी मुभा दिली.

जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. २४ जानेवारीपासून राज्याने परवानगी दिली आणि स्थानिक प्रशासनाने ठरवल्याप्रमाणे त्या टप्प्याटप्प्याने उघडल्या. आईचा फोन आला. पहिल्या दिवशी पोट दुखलं होतं, तरी गेली. विज्ञानाचे शेवटचे दोन प्रश्न राहिले, ते मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतले. मागायला लाजली नाही, असं आईने दोनदा सांगितलं.